चकली जेवत नाही

विचुंबे, नवीन पनवेल
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. चारुता हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तू आणि राजस पुण्याला मजेत असाल. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? यांच्या तापाची तू आठवणीने चौकशी केलीस, बरं वाटलं. हे ठणठणीत आहेत. फोनवर मला नीट बोलता येत नाही, भलतंच काहीतरी बोलून मी फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले.

राजसला सांग, चकली छान आहे. नको, तसं सांगू नकोस. चकली जेवत नाही.

डिसेंबरात राजस आला होता तेव्हा त्याने आजोबांना मोबाइलवर गेको नावाचा परदेशी पालीचा प्रकार दाखवला, पिवळा, काळ्या ठिपक्यांचा. "आजोबा, हा घरी पाळतात." झालं. राजस गेला आणि हे चार ठिकाणी चौकशी करून, रीतसर पावती घेऊन बोटाएवढं पिल्लू घरी घेऊन आले. मला म्हणतात कसे, "आता बघ, पोरगं स्वतःहून म्हणेल, मला विचुंब्याला न्या." फोटो पाठवला तर राजसने लगेच नाव ठेवलं, चकली. त्याने तिला अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मी जन्मभर पाल अंगावर पडली की डोक्यावरून आंघोळ करणारी बाई, आणि माझ्याच हॉलमध्ये आता पाल काचेच्या पेटीत राहते. शेजारच्या कमळाबाई बघून म्हणाल्या, "अहो, लोक पाली पळवायला अंड्याची टरफलं लावतात, तुम्ही हिला गरम गादी अंथरलीत." अळ्यांचा डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे, गव्हाच्या कोंड्यात. गाजराच्या चकत्याही मीच कापून घालते. तू पाहिलंस तर तुझा विश्वास बसणार नाही.

पण आमचं चुकतच गेलं. पाल म्हटली की ट्यूबलाइटजवळची, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून पेटीवर दिवसभर लख्ख दिवा. त्यात हे पेटीसमोर खुर्ची टाकून, चिमट्यात अळी धरून बसायचे. "घे बाळा, एक घे, आजोबांसाठी एक घे." तू पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आलीस तेव्हा नको नको म्हणताना तुला जिलब्या वाढत सुटले होते ना, अगदी तसंच. तू बिचारी संकोचाने खात राहिलीस. ही खात नाही. आपल्या घरातल्या पालींना पापण्या नसतात, हिला आहेत. आम्ही बोलायला लागलो की ही सरळ डोळे मिटून घेते.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेली. तरुण मुलगी आहे, यांच्यावर चांगलीच करवादली. "काका, तुम्ही समोर बसता म्हणून ती घाबरते. दिवा काढा, लपायला अंधारी जागा करा, बारीक अळ्या ठेवा आणि निघून जा. बघायचं नाही."

बघायचं नाही हे यांना जमेना. खुर्ची हलवली तरी पेपराआडून बघणारच. मग मीच रोज संध्याकाळी पेटीवर माझी जुनी साडी टाकते आणि यांना घेऊन खाली बाकावर जाऊन बसते. पाल जेवावी म्हणून दोन म्हातारी माणसं घराबाहेर. वॉचमन महादेवने परवा विचारलं, "काका, घरी पावनं हायत काय? रोज खाली बसता तुमी."

"आहे एक पाहुणा," हे म्हणाले. "जेवत नाही."

वर येऊन बघावं तर अळ्या तशाच. हिची चरबी म्हणे शेपटीत साठते. आणली तेव्हा शेपटी चांगली भरलेली होती, आता निरांजनातल्या वातीएवढी झाली आहे.

काल दुसरा शनिवार होता, राजसचा आमच्याकडे यायचा दिवस. आम्ही अंधार पडेपर्यंत खाली बसलो. हे म्हणाले, "रमा, ही गेली तर राजसला बोलवायला आपल्याकडे काय आहे?" त्याचा बाप सत्यजीत आहे ना, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळून मी उठले. यांनाही ते कळलं असावं, तेही उठून माझ्यामागे वर आले.

चारुता, काल राजसला पाठवू नको म्हणून तुला कळवलं, पण यांना ताप आलाच नव्हता. त्याआधीच्या चौथ्या शनिवारी सत्यजीत ऑफिसच्या कामाला गेला होता, हेही खोटं. तो नाताळाच्या आधीच मस्कतला गेला, तिकडे नोकरी घेतली आहे. तुला ते मेसेज त्याने तिथूनच केले. आम्हाला म्हणाला, "तिला मी सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका." आम्ही पडलो नाही. खरं सांगू, तुला कळत नाही तोवर शनिवार चालू राहतील असं मला वाटलं. मी माझा स्वार्थ पाहिला.

परवा त्याचा फोन आला. वकिलाला कळवतो आहे, त्याला आता शनिवार नकोत. "उगाच पोराची ओढाताण." मी विचारलं, त्याला भेटणार कधी? तर म्हणे, बघू. माझ्याच पोटचा आहे, पण मला त्याचा फार राग येतो. राजसला काय सांगायचं ते तू ठरव, आमच्या अंगात ते बळ नाही.

ते शनिवार कोर्टाने बापाला दिले होते. त्या कागदात आमचं दोघांचं नाव कुठेच नाही, मी चष्मा लावून दोनदा पाहिलं. म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे. तू नाही म्हणालीस तर आम्ही कुठल्या तोंडाने भांडणार?

डॉक्टर आणखी थोडी वाट बघा म्हणते, पण तिचा आवाज मला कळतो. चकली राहील असं मला वाटत नाही. यांना मी हे सांगितलेलं नाही. आत्ता मी लिहिते आहे आणि हे खाली एकटेच बसले आहेत.

म्हणून विचारते. पेटी रिकामी झाली, तरी राजसला आमच्याकडे पाठवशील का?

राजसची आजी,
रमा