झाडलेली देवराई

३ मे

वाडीत आज पुन्हा बोलले. दीड तास! घसा सोलून निघाला. राधानगरीकडून घरी येईपर्यंत दिवस मावळला, म्हणजे आमच्या जैन नेमानं जेवण नाहीच. पाणीसुद्धा नाही. नुसती पडून लिहिते आहे.

देवराईतली झुडपं काढून तिथं सिमेंटचा सभामंडप बांधायचा घाट आहे. मी विचारलं, त्या झुडपांत ठिपकेवाला सातभाई राहतो, त्यानं कुठं जायचं? देवस्थान कमिटीचे अध्यक्ष उदयसिंह पुढच्याच खुर्चीत. पाय हलवत म्हणाले, "अक्का, जलमल्यापासनं देवीला येतोय, आमाला तर कधी दिसला न्हाय. अठरा तारखेला सगळ्या गावासमोर दाखवा. दिसला तर काम बंद. न्हाय दिसला तर तुमी गप."

"दाखवते!" — मी. टाळ्याच टाळ्या.

टाळ्या पडल्या की माझी अक्कल गहाण पडते. एकसष्टाव्या वर्षी तरी हे कळायला हवं होतं.

४ मे

स्नेहल म्हणते, "आई, शब्द देण्याआधी त्या पक्ष्याला तरी विचारायचंस." लेक माझ्यावरच गेलीय.

७ मे

पहाटे दोघी देवराईत. आधी नुसती खसखस — उंदीर वाटला. मग पाला उलटला आणि तपकिरी डोकं, पांढऱ्या छातीवर ठिपके! क्षणभरच. लगेच झुडपात. थोड्या वेळानं आतून बारीक शीळ आली.

बाकीचे सातभाई घोळक्यानं कलकलत हिंडतात, आम्हा पुढाऱ्यांसारखे. हा आपला जोडीनं, जमिनीवर, पानं उलटत किडे शोधतो. "पाला आहे तोवर तो आहे," स्नेहल म्हणाली.

१२ मे

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांना कळवलं — सभेला येत नाही. पहिल्यांदाच. भिंतभर पुस्तकं आहेत, एकही काढावंसं वाटत नाही. सगळ्यांतून दाखले काढून झाले. माणसं ऐकतात, डोळे पुसतात, आणि घरी जाऊन तेच करतात.

१७ मे

चुकले. माणसं ऐकतात.

उद्याची तयारी बघायला गेले. बाळासो वेशीपर्यंत पळत आला. वाडीतला माझा सगळ्यात जुना श्रोता. "अक्का, या, बघा की! तुमीच म्हणालासा न्हवं, देवराई म्हंजे देवीचं घर, आपल्या घरावानी जपा? समद्या बायका खराटं घिऊन आल्या. आरशागत केलंय!"

खरंच आरसा. एक पान नाही. कडेला पाल्याची राख, अजून गरम.

अंबूबाई खराटा टेकवून उभी होती. हाताला फोड. "अनवाणी चाला आता, अक्का. काटा लागायचा न्हाय तुमास्नी."

घर म्हटलं मी. आणि घर झाडतातच की!

"छान केलंत," म्हटलं. चप्पल काढली आणि चालले.

१८ मे

सगळं गाव सकाळपासून श्वास रोखून बसलं. पोरंटोरंसुद्धा. शीळ नाही, खसखस नाही. कशात खसखसणार?

"बोला की, अक्का," उदयसिंह.

खराट्यांचं नाव तोंडावर आलं होतं. अंबूबाई समोरच बसली होती. गिळलं.

"नाही दिसला. मी गप," म्हटलं आणि खाली बसले. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. कुणी टाळी वाजवली नाही. उदयसिंह हसतील वाटलं होतं, तेही हसले नाहीत. बाळासोनं गाडीपर्यंत माझी पिशवी धरली.

परवा झुडपं निघणार.

२० मे

उदयसिंहांचा फोन. काही ऐकू येईना. "मोठ्यानं बोला!" मी ओरडले.

"मोठ्यानं कसं बोलू? मंडपासाठी टाकलेल्या माझ्या खडीच्या ढिगामागं उभा हाय. बायकांनी ढिगामागचं तेवढंच झाडलं न्हवतं. जेसीबी घिऊन आलतो, पाल्यात पाय पडता पडता ऱ्हायला. घरटं हाय, अक्का, तुमच्या ठिपकेवाल्याचं. अंडी हाईत, मादी बसलीया वर. जेसीबी लावला माघारी. काम बंद. पर आता सभा-बिभा घिऊ नका हितं. आवाजानं उठंल ती."

"बरं," म्हटलं — इतकं हळू, की स्नेहल स्वयंपाकघरातून धावत आली. "आई! कोण गेलं?"