फोडायचं पाकीट

शॉमबर्ग,
९ डिसेंबर २०२४

ताई,

सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ घालायचं का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, “बहिणीला कसलं रे ते? नुसतं ताई लिही.” म्हणून नुसतं ताई.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत दुखतो. दुकानात माझं ठीक चाललंय, आता मसाल्यांची सगळी रांग माझ्याकडे दिली आहे. तुझ्याकडे ॲन आर्बरला बर्फ इथल्यापेक्षा जास्त असेल. नवे बूट घेतलेस का?

सोबत त्र्यंबक काकांची पानं आहेत. स्कॅन करून मेल का केली नाहीत, असं तू विचारशीलच. विश्वातली सगळी बलं एका समीकरणात बसवणारा आपला सिद्धांत कोणीतरी मेलमधून पळवेल, अशी काकांना भीती वाटते. म्हणून प्रत्येक सुधारित प्रत ते पाकिटात बंद करून स्वतःलाच पोस्टाने पाठवतात. पोस्टाचा शिक्का हा तारखेचा पुरावा. आलेलं पाकीट फोडायचं नाही, बेसमेंटमधल्या कपाटात ठेवायचं. थँक्सगिव्हिंगला तू ज्या कपाटाकडे बघून हसलीस, तेच.

ती सगळी पानं माझ्या अक्षरात आहेत. काकांचा हात कापतो. दोन वर्षं झाली, शनिवारी दुकान सुटलं की मी त्यांच्याकडे जातो. ते समजावतात, मी पक्कं लिहितो, लताकाकू पोहे आणून देतात. डिप्लोमा अर्धवट सुटल्यापासून मला कोणी बसवून काही समजावलं नव्हतं.

मग तू आलीस.

तुला कदाचित आठवतही नसेल. हातात जेवणाची प्लेट, तू उभ्याउभ्याच तिसरं पान बघितलंस आणि म्हणालीस, “काका, इथे ऊर्जेत बल मिळवलंय. युनिट्स जुळत नाहीत. मीटरमध्ये किलो मिळवल्यासारखं झालंय हे.” आता काका चिडणार, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, तसं व्हावं असं वाटलं. ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “अगं, इतके दिवस होतीस कुठे तू?” मग माझ्याकडे बघून, “हा असतो की दर शनिवारी शेजारी. पण याचं काय, अक्षर सुंदर!”

सगळे हसले. तूही.

तुला बस स्टॉपवर सोडून मी लगेच परत फिरलो, ते थंडीमुळे नव्हतं.

आधी दार उघडलं की काका म्हणायचे, “आलास? बस.” आता म्हणतात, “सावनीचा फोन आला का?” परवा त्यांनी ती ओळ दुरुस्त केली. बलाला एका लांबीने गुणलं, युनिट्स जुळली. ही लांबी आली कुठून, असं मी विचारलं. म्हणाले, “ते सावनीशी बोलू.” मग पहिल्या पानावर एक ओळ वाढवायला सांगितली: ‘सावनी यांच्या मौलिक सूचनेनुसार सुधारित’. मी ती लिहिली. एकही खाडाखोड नाही, बघशीलच.

फोडण्यासाठी पाठवलेलं हे त्यांचं पहिलं पाकीट. ते तुझ्या नावाचं आहे.

ताई, त्या लांबीचं मी बसून पाहिलं. युनिट्स तपासायची असतात हे मला तुझ्यामुळेच कळलं, हे कबूल. ती लांबी कमीजास्त केली की उत्तर हवं तसं वळतं. हवं ते उत्तर मिळत असेल तर सिद्धांत मुळात काहीच सांगत नाही, असं मला वाटतं. माझं चुकत असेल. माझं शिक्षण तेवढं नाही. तू नीट बघ.

पण मी बरोबर असेन, तर काकांना फोन करू नकोस. मला कर. त्यांना मी सांगेन. तू सांगितलंस तर ते पुन्हा तुझं कौतुक करतील आणि मग शनिवारही तुझेच होतील. मी सांगितलं तर चिडतील. कदाचित पुन्हा येऊ नकोस म्हणतील. तरी मीच सांगेन. तुझ्यावर नाही ना चिडले, मग एकदा माझ्यावर तरी चिडू देत.

इतकं माझ्यासाठी सोड.

त्या पानांत माझं नाव कुठेच नाही, म्हणून इथे पूर्ण लिहितो.

तुझा भाऊ,
अनिश हेमचंद्र सबनीस