तिसरी बॅटरी

नाशिक,
मंगळवार, मार्च २००७

प्रिय बा,

सखाकाका काल इथे आला. बोहाड्याच्या जत्रेत मुखवटा लावून नाचायच्या त्याच्या सोंगासाठी रंग आणि बेगड घ्यायची होती. भद्रकालीतली चार दुकानं पालथी घालून संध्याकाळी माझ्या खोलीवर टेकला आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी तुझा निरोप दिला. “बानं सांगितलंय, आधीच्याहून लख्ख बॅटरी धाड. खिशात मावंल अशी. दीडशाच्या वर जाऊ नको. पन बोहाड्याच्या आधी पायजेल.” उद्या पहिल्या गाडीने तो परत निघेल आणि हे पत्र तुझ्या हातात देईल. दिवसा वाच, ओट्यावर उजेडात बसून. आणि शेवटपर्यंत वाच.

बॅटरीचं आधी सांगते, कारण तू तेवढंच विचारलं आहेस. दोन मोठ्या सेलची पत्र्याची तुझ्याकडे होतीच. तिच्या पिवळ्या झोताच्या मधोमध काळा ठिपका पडतो आणि ती खिशात मावत नाही. सात एलईडीची चार्जिंगची चायना बॅटरी दुकानात बघायला छान वाटते, पण आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते, आणि तसली बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पुन्हा चार्ज होत नाही. किल्लीला अडकवायची बोटभर बत्तीही मिळते. तिचे बटणाएवढे सेल घड्याळवाल्याशिवाय कुणाकडे नसतात आणि पेटवल्यावर थोड्या वेळात तिचा उजेड निम्मा होतो. राहता राहिली एका पेन्सिल सेलवर चालणारी, ॲल्युमिनियमची, अंगठ्याएवढी जाड, वर खिशाला अडकवायची क्लिप. तिचा सेल मोखाड्याच्या बाजारात कुठेही मिळतो. हातातून दगडावर पडली तरी चालू राहते. मी पाडून बघितली आहे. दीडशेच्या आत तिच्याहून चांगली मला सापडली नाही, आणि मी घाईने शोधलेलं नाही.

पण बा, हीच मी तुला दिवाळीत दिली होती.

आमच्या कंपनीत यंत्रांवरचे छोटे दिवे बनतात आणि माझं काम ते तपासायचं, हे तुला माहीत आहे. तुला द्यायच्या आधी ती बॅटरी मी आमच्या अंधारखोलीत ठेवून उजेड मोजला होता. तुझ्या जुन्या पत्र्याच्या बॅटरीच्या तिपटीहून जास्त भरला. तू ती संध्याकाळी अंगणात पेटवलीस आणि म्हणालास, “हिचा उजेड मेल्यागत हाय गं.” मला वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी आई तीच बॅटरी घेऊन गोठ्यात गेली आणि तिथूनच ओरडली, “काय ही नीताची बॅटरी! म्हस बुजली ना माझी. डोळ्यात मिरची घातल्यासारकं व्हतंय.” एकच बॅटरी, एकच सेल. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र दुकानदाराला दोष देत परत आले.

संक्रांतीला दुसरी पाठवली. तुझी तक्रार होती, “पुढचं दिसतं, बाजूचं काळं.” म्हणून मुद्दाम बल्बमागची वाटी खरबरीत असलेली घेतली, जिचा झोत भाताच्या खाचराएवढा पसरतो. तुझा निरोप आला, हिचंही बाजूचं काळंच. तो निरोप मिळाला त्या दिवशी मी कामावर होते, आणि माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने परत पाठवलेला दिवा होता. आमच्याकडे असा माल आला की तो उघडतात, मोजतात, आणि चांगला निघाला तर चिठ्ठी लावतात: दोष आढळला नाही. पण त्याच गिऱ्हाइकाकडून तीच तक्रार पुन्हा आली, तर आमचे साहेब माल उघडतच नाहीत. म्हणतात, आता दिवा बघू नका, जिथे लावलाय ती जागा बघून या.

म्हणून मी महाशिवरात्रीला आले. रजा शिल्लक नव्हती, पगार कापला गेला. तुला सांगितलं होतं की आईची आठवण आली.

सकाळी तुझ्याबरोबर जीपच्या फेरीला जव्हारला गेले तेव्हा सखाकाका नेहमीप्रमाणे तुझ्या शेजारी बसला होता. सगळ्या वळणांवर तो घोरत होता. संध्याकाळी मोखाड्याहून परत निघालो, दिवे लावायची वेळ झाली आणि तोच माणूस ताठ बसून बोलू लागला. “डाव्या अंगाला बैल हाय, दोन हायेत. सायकल आली, दिवा नाय तिला, मेल्याला. आता मोरी. मोरीवर दोघं बसलेत, ए, उठा, घरला जा, बायका वाट बघतात!” मागे सगळे हसत होते. शाळेवरचे गुरुजी म्हणाले, “सखा, तुला या बडबडीचा पगार कोण देतो रे?” आणि टोपलीवाली म्हातारी म्हणाली, “स्टेरिंग मधुदाचं, पन गाडी हाकतो सखाच.” तूही हसलास. मी बाहेर बघत होते. उजवीकडे कठडा नव्हता, खाली दरीत झाडांचे शेंडे दिसत होते, आणि गाडीत मागे लटकलेले धरून अठरा माणसं होती.

त्याआधी मोखाड्याच्या स्टँडवर गाडी भरून उभी होती. सखाकाका तंबाखू आणायला गेला होता. लोक ओरडत होते, “मधुदा, हाल की आता, का इथंच वस्ती करायची?” तू म्हणालास, इंजिन तापू दे. मी बॉनेटवर हात ठेवून बघितलं होतं. चटका बसला.

हे सगळं तरीही पुरावा म्हणून पुरेसं नव्हतं. तुझ्याबद्दल असा विचार करायला मला पुरावा हवा होता. मी सातवीत असताना जीपचा मागचा दिवा गेला होता आणि तू खाली आडवा पडून तो बदलत होतास, बॅटरी माझ्या हातात. मी ती तुझ्या चेहऱ्यावर धरली. तू ओरडला नाहीस. म्हणालास, “माज्या तोंडात नको बघू, नटावर धर. जिथं काम, तिथं उजेड.” ते काम बघत बघत मी पॉलिटेक्निकपर्यंत गेले. स्टँडवरचे लोक तुला म्हणायचे, पोरीला वायरी शिकवून काय करणार, आणि तू सांगायचास, “तुमच्या घरातले दिवे गेल्यावर कळंल.” अशा माणसाविषयी अंदाजाने काही ठरवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एक गोष्ट केली. तू जीप लावून अंगणात येत होतास, हातात माझी दुसरी बॅटरी, चालू. मी गोठ्याच्या दाराला टेकून उभी राहिले. आडोशाला नाही, उघड्यावर. पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता. अजून पुरता अंधारही नव्हता. मला तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलास. बॅटरीचा झोत माझ्या पायांवरून फिरला. तू पायरीपाशी थांबलास आणि आईला विचारलंस, “नीता कुठं गेली गं? पानी आनाय?” मी हाक मारली नाही. आई आतून म्हणाली, “आत्ता तर तिथंच व्हती.” तू वळलास, माझ्याकडे तोंड केलंस, आणि मग एकदम हसून म्हणालास, “इथं हायेस व्हय, चोरासारकी.” तू दिसल्यासारखं केलंस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे तुला माहीत आहे. केव्हापासून ते मी विचारणार नाही.

नाशिकला आल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पेशंट न बघता काही सांगणार नाही असं त्या म्हणाल्या, आणि मला ते आवडलं. पण भर दुपारी ज्याला लांबचा टॉवर दिसतो, त्याला संध्याकाळी बाजूला उभं असलेलं माणूस दिसत नसेल, तर दोष दिव्याचा नाही, एवढं त्यांनी सांगितलं. काही वेळा औषधाने फरक पडतो, काही वेळा नाही. तपासल्याशिवाय कळत नाही. तोवर त्या माणसाने उजेड कमी झाल्यावर गाडी चालवायची नाही, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांनी माझेही डोळे तपासले. माझे सध्या ठीक आहेत.

मी तुला होळीला येऊन हे समोरासमोर सांगणार होते. होळीला रजा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मिळाली असती तरी तू हसून विषय बदलला असतास आणि मी तुला बदलू दिला असता. मग काल सखाकाकाने पाड्यावरच्या माघीचं सांगितलं. तो सांगणार नव्हता. मी विचारत गेले, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. होळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी माघी डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती आणि जीपचा आरसा मोळीत अडकला. ती आतल्या बाजूला, शेतात पडली. उठून फाटी गोळा करत म्हणाली, “मधुदा, डोळं हायेत का गारगोट्या?” सगळे हसले, तू तिला मोळीसकट घरी सोडलंस, आणि गोष्ट संपली. सखाकाका त्या वेळी तुझ्या शेजारीच होता. त्याला खोकल्याची उबळ आली होती. तेवढ्यातच झालं.

आता शुक्रवारपासून बोहाडा. रात्रभर जीपा चालणार, पाड्यापाड्यांतून पोरंबाळं घेऊन लोक येणार, पहाटे अर्धवट झोपेत परत जाणार. सखाकाकाच्या घराकडे सोंगाचा मान आहे, तो तुझ्या शेजारी नसणार. मुखवटा चढवला की त्याला स्वतःलाच समोरचं दिसत नाही. म्हणून तुला लख्ख बॅटरी हवी आहे. वळणावर उतरून कड बघायला, असं तू त्याला सांगितलंस. बा, वळणावर उतरून कड बघणारा ड्रायव्हर मोखाड्याच्या रस्त्याला आजवर कुणी बघितला आहे का? आणि उतरून बघितलीस तरी तुला कड दिसणार आहे का? मी दीडशेची पाठवली काय आणि दीड हजाराची पाठवली काय, उजेड माझ्या पायांवर पडला होता, तरी मी तुला दिसले नव्हते.

तिसरी बॅटरी मी घेतलेली नाही. सखाकाकाबरोबर फक्त आईचं गुडघ्यांचं तेल दिलं आहे. त्याच्यावर चिडू नकोस. या पाकिटात काय आहे हे त्याला माहीत नाही, आणि गेली दोन वर्षं तो फुकट तुझ्या शेजारी बसून घसा कोरडा करतो आहे. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव लावलं आहे. शनिवारी मी येते, रविवारी आपण एसटीने इकडे निघू. आईला काय सांगायचं ते तू ठरव, पण सांग.

आज दुपारी मी सुदर्शनशेठला फोन केला. जीप त्यांची आहे, त्यांना कळायला हवं होतं. मी म्हणाले, माझ्या बाला दिवेलागणीनंतर दिसत नाही, बोहाड्याच्या फेऱ्या त्याला देऊ नका. ते म्हणाले, “पोरी, काय बोलतेस कळतंय ना? बापाच्या पोटावर पाय देतेस.” मी म्हणाले, कळतंय. दिवसाच्या फेऱ्यांचं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर बघू म्हणाले. गुरुवारी सकाळी ते किल्ली न्यायला येतील. स्टँडवर काही बोलायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे, पण तुझ्यासमोर ते काहीबाही कारण सांगतील, गाडी दुरुस्तीला न्यायची आहे वगैरे, आणि मग तू रात्रभर विचार करत बसशील की आपली चुगली कुणी केली. सखाने, माघीने, का मागे बसणाऱ्यांपैकी कुणी. ते दारात येण्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून हे पत्र लिहिलं. कुणावर संशय घेऊ नकोस, बा. मी सांगितलं.

तुझीच,
नीता