ह्यांना न जमणारे मोदक

९ जून २०२५

वेणी आजही ह्यांनीच घातली. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर गेल्या! आरशात बघून हसले, तर तोंडाची डावी बाजू अजून मागेच राहते. ह्यांनी ती बोटाने वर ढकलली. म्हणाले, "आता पुरती हसलीस."

शिमग्याच्या आधी झटका आला आणि डावं अंग गेलं. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन पडवीपर्यंत जाते. हात मात्र मांडीवर पडून असतो, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. उजवा शाबूत म्हणून निदान लिहिते तरी.

१२ जून

हे जन्मभर बोटीवर चीफ कुक. आमटी केली की अख्ख्या मिऱ्या गावाला पुरेल एवढी! आणि मला भरवतात. अहो, उजवा हात आहे की माझा! पण ऐकतील तर शपथ. नम्रता मुंबईहून फोनवर म्हणते, "आई, तुझी मज्जा आहे." आहेच. सगळा संसार हे समुद्रावर आणि मी घरी, असा झाला. आता रिटायर होऊन घरी आले, तर मी ही अशी. तरी जवळ आहेत. बरं वाटतं. खोटं कशाला लिहू?

१७ जून

मनस्वी आली होती. हाताचे व्यायाम घेते ती मुलगी. आज प्रश्नांचे कागद घेऊन आली. "झटक्यानंतर तुमचं रोजचं जगणं कसं चाललंय ते बघायचंय, काकी."

आंघोळ? "मी घालतो," हे म्हणाले. केस? "मीच." जेवण? "भरवतो की!" छाती फुगवून, परीक्षेत पहिला नंबर येणार असल्यासारखे. मनस्वी लिहीत गेली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

मग शेवटचा प्रश्न. "घरच्यांना तुमचा भार होतोय असं वाटतं का? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फार." हे माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. मनस्वी म्हणाली, पुढच्या खेपेला सांगा.

जाताना तिने ह्यांना अंगणात नेलं. बराच वेळ बोलत होते. खिडकीतून दिसलं, हे चष्मा काढून पुसत होते. तिचे एवढेच शब्द कानावर आले, "...दमलात का, काका?"

१८ जून

आज भरवलं नाही. ताट पुढ्यात ठेवलं नि बाहेर गेले.

१९ जून

वेणी घाला म्हटलं, तर म्हणाले, "माझ्याच्यान् नाय जमत गो. तुझी तू बघ." एका हाताने कशी घालणार? केस तसेच मोकळे. दुपारी उशीत तोंड घालून रडले.

२६ जून

आता सारखं हेच. हे जमत नाही, ते जमत नाही. "नारळ धर जरा, खवताना निसटतो." "सुईत दोरा घाल, मला दिसत नाय." "उशीचा अभ्रा घाल." तीस-तीस माणसांचं जेवण रांधलेला माणूस, ह्याच्या हातून नारळ निसटतो?

कंटाळले हे. कंटाळणारच. ह्यांच्या जागी मी तरी किती दिवस गोड मानून घेतलं असतं?

९ जुलै

भांडले! म्हटलं, नको झालेय तर सरळ सांगा, नम्रताकडे जाऊन राहते. त्यावर हे काय म्हणाले? "जा, पण आधी तेवढी वालाची शेंग सोलून दे." मी वाटी फेकणार होते. नाही फेकली. सोलली. शेंग डाव्या हातात धरावी लागते. घसरत होती, तरी धरली.

मान वर केली तर हे दारात उभे.

"काय हवंय?"

"काय नाय."

२ ऑगस्ट

वेणी घातली. माझी मी! वाकडी आहे, सैल आहे. ह्यांना दाखवली नाही. ह्यांनीही काही विचारलं नाही, नुसती शीळ घालत अंगणात गेले.

१२ ऑगस्ट

मनस्वी पुन्हा तेच कागद घेऊन आली. आंघोळ, माझी मी. केस, माझे मी. जेवण, अर्थात. ती हरखून गेली. "काकी, केवढा फरक!"

शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "पाच लिही."

तिचं पेन थांबलं. "नक्की?" तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगणार होती. मग अंगणात ह्यांच्याकडे बघितलं आणि मिटलं. पाच लिहिले.

हात आला हे खरं. पण हात आला नि माणूस दुरावला, असं कागदावर कुठे लिहितात?

२१ ऑगस्ट

मी म्हटलं, यंदा नैवेद्याचे मोदक विकत आणूया. हे उसळलेच! "गणपतीला विकतचे? मी करीन. तू शिकव."

ह्या घरातला नैवेद्य नेहमी माझ्या हातचा. हे बहुतेक वर्षं चतुर्थीला बोटीवर. घरी असले तरी त्या दिवशी मी ह्यांना चुलीजवळ फिरकू दिलेलं नाही. म्हणून आज सराव. उकड ह्यांनी छान मळली. पण वळणं? अरे देवा! पारी फाटते, सारण बाहेर. एक जरा बरा वळत होता, पण मी बघतेय म्हटल्यावर हातातच चिरडला. एवढे का घाबरतात?

शेवटी न राहवून मी पारी डाव्या तळव्यावर घेतली. बोटं थरथरत होती. उजव्या हाताने कळ्या काढत गेले, डाव्याने हळूहळू फिरवत. तोंड मिटलं. मोदक उभा राहिला! जरा कलंडलेला, पण उभा.

हे उठून घाईघाईने पाणी प्यायला गेले.

२७ ऑगस्ट

गणपती आले. ताटातले सगळे मोदक माझे. ह्यांचे फुटके आम्हीच खाल्ले, हळदीच्या पानासकट चाटून. आरतीला उभी राहिले, काठीशिवाय. हे शेजारी होते. पडले असते तर धरलं असतं ह्यांनी, एवढं कळलं.

३० ऑगस्ट

वेळणेश्वरचा भिकाजी गणपतीला आला होता, ह्यांच्या बोटीवरचा. मोदक तोंडात घातला नि म्हणाला, "वयनी, झ्याक! पन ह्या आत्मारामाची सर नाय हां. दर चतुर्थीला बोटीवर असे मोदक केलेन ह्यानं, काय त्या कळ्या! फिलिपिनो पोरं पन वाट बघायची." मागे हे खोकत होते, खोकतच होते.

तांदळाचं पीठ दर खेपेला मीच बांधून द्यायची. भाकऱ्यांना लागतं म्हणायचे!

ह्यांना काही कळू दिलं नाही. मनस्वीला मात्र गुपचूप फोन केला — पाचाचा एक कर गं बाई. तिकडून हसली. माझा हात चालता करायचा हा तिचाच कट होता.

परवा गौरीला घावन. ह्यांना म्हटलं, शिकवते. "मला नाय जमणार गो," म्हणाले. बघूच, किती फाडतात ते!