तुटक रेषेतला माणूस

९ मार्च, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. "इकडे सर्व क्षेम" असं लिहून पत्र सुरू करायची आपल्या घरची रीत मी विसरलेले नाही, पण ते वाक्य आज जरा खाली येईल. तोवर हातातला पाना ठेव, हात पूस आणि स्टुलावर टेक. उभ्या उभ्या पत्र वाचायची तुझी सवय वाईट आहे. फोनच करणार होते, पण तुझं फोनवरचं बोलणं म्हणजे "बरं, बरं, घे, वहिनीशी बोल." पत्र तरी तिच्या हातात देण्याआधी तू पुरतं वाचतोस, म्हणून हे आजच्या आज माणसाच्या हाती पाठवतेय.

आधी माझी फजिती ऐक.

मी काय काम करते ते तू आजवर लोकांना "ती ऑफिसात चित्रं काढते" एवढंच सांगत आलायस. वहिनीच्या माहेरी तर मी शाळेत चित्रकला शिकवते असा समज आहे. तर एकदाचं समजून घे. कुणी नवीन वस्तू शोधून काढली की तो पेटंटचा अर्ज करतो. म्हणजे काही वर्षं ती वस्तू त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी बनवायची नाही. बदल्यात त्याने ती कशी केली हे जगाला उघड सांगायचं. शब्दांनी सांगायचं काम आमच्या वकीलबाईंचं आणि चित्रांनी सांगायचं माझं. रंग नाहीत, सावल्या नाहीत. नुसत्या काळ्या रेषा आणि प्रत्येक भागाला आकडा.

त्यात आमची एक रीत आहे. जे शोधलंय ते ठळक रेषेत काढायचं आणि जे नुसतं आजूबाजूला आहे ते तुटक रेषेत. कुणी खुर्चीचा नवा पाय शोधला, तर पाय ठळक, खुर्ची तुटक. दवाखान्यातल्या यंत्रांच्या चित्रात टेबल ठळक, वायरी ठळक, पडदा ठळक आणि टेबलावर झोपलेला माणूस तुटक, कारण त्याला कुणी शोधून काढलेलं नाही. अशी किती माणसं मी काढली असतील देव जाणे. डोळे नाहीत, नाक नाही. डोकं, खांदे, पाय, झालं.

मागच्या महिन्यात मी एक माणूस ठळक काढला. वर त्याला नाकही काढलं. वकीलबाईंनी चष्म्यावरून आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय हो, हा पेशंट आपण शोधून काढलाय का?"

"नाही."

"मग याच्यावर हक्क कसा सांगायचा? याच्या घरचे भांडायला येतील ना."

सगळं ऑफिस हसलं, मीही हसले. मग तो माणूस खोडून परत तुटक काढायला बसले तर हात चालेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

का झालं ते सांगायचं तर यंत्राबद्दल सांगायला हवं. अर्ज दाखल होईपर्यंत आम्ही तोंड शिवून असतो, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. हे कारण खरं आहे. पुरतं खरं नाही, पण खरं आहे.

हे यंत्र ज्याचं, त्याला आम्ही भुंगा म्हणतो, कारण विचार करताना तो गुणगुणतो आणि विचार तो सदासर्वदा करतो. गणिताचा माणूस. रक्त बघवत नाही. एकदा कागदाने बोट कापलं तर आमच्याच ऑफिसात खाली बसला आणि वकीलबाईंनी त्याला पाणी पाजलं. अशा माणसाने जिवंत माणसाच्या हृदयात डोकावायचं सॉफ्टवेअर लिहिलंय.

हृदय थांबत नाही, दादा. फोटो काढायचा तर समोरचा स्थिर हवा आणि हे तर जन्मभर हलतंय. वर छाती श्वासाने खालीवर. म्हणून आजवर डॉक्टर पेशंटला सांगत आलेत, श्वास रोखा, हलू नका. पण ज्याला धाप लागलीय तो श्वास काय रोखणार? म्हणजे ज्याला गरज सगळ्यांत जास्त, त्याचंच चित्र पुसट. भुंग्याने उलटा विचार केला. माणसाला थांबवायचंच नाही, आपण त्याच्या चालीने चालायचं. हलल्यामुळे चित्रात जो गढूळपणा येतो तो सगळे पुसायला बघत होते, ह्याने तो वाचला. त्या गढूळपणातच श्वास कुठे वर गेला, ठोका कुठे पडला, हे लिहिलेलं असतं म्हणे. सॉफ्टवेअर ते ओळखतं, हजारो अर्धवट तुकड्यांतला प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या क्षणाला नेऊन बसवतं आणि हृदय समोर उभं राहतं. हलतं, आणि तरी स्वच्छ. आपल्याला हवं तेवढं हळू करून बघावं. मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, परत सांगा. त्याने परत सांगितलं. मी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. समजलं नव्हतं म्हणून नव्हे. ऐकतच राहावंसं वाटत होतं.

अर्जात दोन आकृत्या शेजारी शेजारी हव्या होत्या, एक निरोगी माणसाची आणि एक दोष असलेल्याची. दोषाची होती, निरोगी शोधायची होती. मी म्हटलं, माझी घ्या. सगळ्यांची काढली, एकदा स्वतःची काढू. हौस म्हण.

टेबल त्या बोगद्यात सरकायला लागलं तेव्हा तुझी आठवण झाली. शाळेत टोचायला बाई यायच्या तेव्हा मी तुझ्या पाठीमागे लपायचे. तू आधी दंड पुढे करायचास, सुई घ्यायचास आणि मागे वळून सांगायचास, "दुखत नाही." खोटं बोलायचास. दर वेळी दुखायचं आणि पुढच्या वेळी मी परत विश्वास ठेवायचे. त्या बोगद्याच्या तोंडाशी मला कुणीतरी मागे वळून सांगणारं हवं होतं. कुणी नव्हतं. आत ठकठक आवाज होतो, कुणी शेजारी फरशी फोडतंय असा. बाकी काही नाही. "श्वास घ्या, तुम्हाला हवा तसा," एवढंच सांगितलं. डॉक्टरी खोलीत इतकं मायेचं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मग कपडे बदलून पलीकडच्या खोलीत आले आणि पडद्यावर ते होतं.

दादा, ते चित्रातल्यासारखं मुळीच नसतं. जरा तिरपं बसलेलं असतं, गर्दीत अंग चोरून बसावं तसं. नुसतं फुगत आणि आवळत नाही, पिळतं. कपडा पिळताना मनगट फिरतं ना, तसं. झडपा इतक्या पातळ, की त्या आहेत हे त्यांच्या हलण्यावरून कळतं. एक उघडते तेव्हा दुसरी मिटते. चुकत नाही, घाई करत नाही. मी आईच्या पोटात होते तेव्हापासून हे चाललंय. मी झोपले तेव्हा चाललं, तुझ्याशी भांडले तेव्हा चाललं, बाबा गेले त्या दिवशीही चाललं, आणि मी त्याची एकदाही विचारपूस केली नव्हती. मला रडू आलं. भीतीने नाही, तेव्हा काही ठाऊकच नव्हतं. एवढी मोठी गोष्ट माझ्या आत आहे आणि ती मला कुणा डॉक्टरने नव्हे, रक्त न बघवणाऱ्या एका गणित्याने दाखवली, याचं रडू आलं. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?" तो नेहमीसारखा गुणगुणत होता.

मग त्याने एक बटण दाबलं. ते दाबलं की दर ठोक्याला रक्तवाहिनीची भिंत किती ताणली जाते ते रंगात दिसतं. हिरवं म्हणजे ठीक. आणि त्याची गुणगुण थांबली.

"मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. "जरा बसता का? मी डॉक्टरांना बोलावतो."

आता ते वाक्य. इकडे सर्व क्षेम नाही, दादा. हृदयातून वर निघणारी जी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, ती माझी एका जागी फुगलीय, तिला पोट आलंय. डॉक्टरांनी चांगला लांबलचक शब्द वापरला, पण मला बाबांचाच शब्द आठवला. आठवतं ना, वर्कशॉपात दुरुस्तीला जुना होजपाइप आला की ते डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचे आणि मध्येच थांबायचे. "इथे पोट आलंय." आपल्याला बघून काही दिसायचं नाही. आणि मग ठरलेलं वाक्य, पोट आलेला पाइप फुटायची वाट बघायची नसते.

तेव्हा मी वाट बघत नाहीये. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तेवढा तुकडा कापतात आणि विणलेली नळी जोडतात, म्हणजे आपल्या वर्कशॉपातलंच काम. मी विचारलं, सांध्याला क्लॅम्प लावता का? डॉक्टर हसल्या. शिवतात म्हणे. नीट होईल असं त्या म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसलाय. वेळेत कळलं हे त्यांनी दोनदा सांगितलं.

माझं हृदय अर्जात गेलं, पण निरोगीच्या चौकटीत नाही, शेजारच्या. निरोगीच्या जागी शेवटी भुंगा स्वतः झोपला. आपलं हृदय पडद्यावर आलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. यंत्रासह झोपलेल्या माणसाची पहिली आकृती मी माझी तपासणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढली. आता तुला कळलं असेल तो ठळक का झाला. आत कोण झोपतं ते बघून आल्यावर त्याला तुटक काढणं मला जमेना.

अजून उठू नकोस. खरी गोष्ट पुढेच आहे.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी अचानक गेलं होतं का? मी बाबांचं सांगितलं. सकाळपासून पाठ चोळत होते, पाठ भरून आलीय म्हणत होते. दुपारी मोठा पंप उचलताना खाली बसले ते उठलेच नाहीत. पंपाचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं ते मी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येणार नाही, पण तुमचं बघितल्यावर मला तरी हेच वाटतं. पंपाचं म्हणाल तर तो निमित्त. भिंत तेवढी पातळ झाली होती, तर ते खोकल्यानेही झालं असतं."

हे त्यांनी कुणाची समजूत घालायला म्हटलेलं नाही. तू आहेस हे त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं. मी सांगतेय, कारण त्या दिवसापासून तू वर्कशॉपात कुणालाच दुसरं टोक धरू देत नाहीस, सगळं एकटा उचलतोस आणि दवाखान्याची पायरी चढत नाहीस. तू कधी बोलला नाहीस. मला मात्र दिसत होतं. "जरा हात लाव" असं तूच त्यांना म्हणाला होतास, एवढ्यावर तू सगळं आयुष्य स्वतःला आरोपी करून ठेवलंयस. दादा, तुझ्या हाकेने बाबा गेले नाहीत.

हे घराण्यात चालतं म्हणे. भावंडांची तपासणी झालीच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि मागच्या आठवड्यात वहिनी फोनवर सहज म्हणाली, "हल्ली ह्यांची पाठ भरून येते, रोज मलम चोळून देते." मी "अगंबाई" म्हटलं आणि विषय बदलला. मला तुझ्यासाठी भीती वाटते. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

तेव्हा हे पत्र मिटलंस की शटर ओढ आणि आजच दवाखान्यात जा. पाठदुखी आणि बाबांचं, दोन्ही सांग. पहिल्यांदा बघायला तिथलं साधं यंत्रही चालतं. तोवर काही उचलायचं नाही, एकट्याने नाही आणि दुकट्यानेही नाही. मग तिथले डॉक्टर प्रवासाला हरकत नाही म्हणाले की वहिनीला घेऊन इकडे ये. भुंग्याला सांगून ठेवलंय. त्याला तुझे हात बघायचेत. बाबांच्या तळव्याची गोष्ट ऐकल्यापासून तो म्हणतो, मी जे लिहिलं ते तुमचे बाबा हाताने करत होते. मी त्याला म्हटलं, हो, पण त्यांचा हात बाहेरून फिरायचा, तुमचा आत पोचतो. माणसाचा हात कुठवर पोचावा याला काही सीमा आहे की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून मी सारखी त्याच नवलात आहे.

सोबत एक चित्र ठेवलंय. टेबल, यंत्र आणि त्यावर झोपलेला तू. कान मोठे आलेत, पण ते तसेच आहेत. रेषा ठळक आहे आणि ह्यावर वकीलबाईंनी काही म्हणायचं काम नाही. छातीत मात्र जागा कोरी सोडलीय. न बघता अंदाजाने मी आजवर काही काढलेलं नाही.

या वेळी दंड मी आधी पुढे केला, दादा. मागे वळून सांगतेय.

दुखत नाही. खरंच नाही.

पाठीमागे उभी नसलेली, पुढे जाऊन तुझी वाट बघणारी
तुझी धाकटी