भुलाबाईची कॅसेट

नालवाडी, वर्धा
१२ नोव्हेंबर

प्रिय पौर्णिमा,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं असशील. आजकाल पत्र लिहितं कोण? माझं तर अक्षरही पार गेलं आहे. दिवसभर कात्री धरणाऱ्या हाताला पेन म्हणजे नसती कटकट वाटते. पण हे मोबाइलवर टाइप करायचं नव्हतं. फोन केला असता तर मी एकटीनेच बोलत सुटायचं आणि तू नुसतं ऐकायचं, तेही मला जमलं नसतं. सोबतचं पुडकं इतक्यात उघडू नकोस. आधी हे वाचून घे, मग काय ते ठरव.

आपल्या दहावीच्या ग्रुपवर आदेशने तीन आठवड्यांपूर्वी काढलेलं खूळ तुला आठवतच असेल. 'सध्या कोणतं गाणं आयकून राह्यले आन काऊन, खरं खरं सांगा.' शाळेत असताना हजेरीला स्वतःचं नाव धड सांगत नव्हता, आता सगळ्यांचं खरं-खोटं काढायला निघाला. लोकांनी मात्र हौसेने लिहिलं. कुणी लग्नातलं गाणं टाकलं, कुणी बापाच्या आवडीचं भजन. रुपेशने तर ट्रॅक्टरवर काय वाजतं त्याची यादीच दिली. मी एका मोठ्या गायिकेचं नाव टाकलं आणि सोबत एका रागाचंही. तो राग मी त्याआधी पाच मिनिटं मोबाइलवर शोधला होता. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनेही थोडं वजनदार ऐकावं, एवढाच त्यामागचा विचार.

आणि मग तू लिहिलंस. तुझा मेसेज मला आता पाठ झाला आहे. 'मी सध्या काहीच ऐकत नाही. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, ते सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मी गात होते म्हणतात. मोबाइल आले तोवर गाणं सुटलं होतं, त्यामुळे ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. तो आवाज कसा होता, हे मलाच आता आठवत नाही. एकदा ऐकायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं.' त्याखाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. ते टाकलं तेव्हा माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी, तुझा आवाज ठेवलेला होता.

हो, तुझा आवाज माझ्याकडे आहे. चार वर्षांपासून आहे.

तुला आपली सहावीतली भुलाबाई आठवते का? रोहण्याला आमच्या घरी मातीची मूर्ती बसवली होती, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून. संध्याकाळी सगळ्या पोरी टिपऱ्या घेऊन यायच्या. गाणी सगळ्यांनाच यायची, पण पहिली ओळ तू उचलल्याशिवाय कुणाचं तोंड उघडत नव्हतं. तू उंबऱ्याबाहेर, ओट्यावर उभी राहून सुरू करायचीस आणि आतून आम्ही मागे म्हणायचो. तुझ्या घरी देव नव्हते. तुझे वडील, श्रावणकाका, तुला म्हणाले होते, 'पाया पडू नको, पन गानं म्हन, गान्याले काही होत नाई.' ते तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा तू बाहेर उभी राहतेस ती तुमच्या घरच्या नेमाने, असं मी धरून चालले. आम्ही सगळ्याच तसं धरून चाललो. कितीतरी वर्षं मी हे लोकांना कौतुकाने सांगितलं, की आमची पौर्णिमा नेमाची एवढी पक्की होती की उंबरा ओलांडत नव्हती. तुला एकदा विचारायला काय झालं होतं मला?

त्या वर्षी ओमप्रकाशदादाने नागपुरावरून टेपरेकॉर्डर आणला होता. दादाला तेव्हा मिसरूड फुटत होतं आणि दिसेल ते टेप करायचा नाद होता, कोंबड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. एका संध्याकाळी त्याने तो टेप भुलाबाईच्या पाटाशेजारी ठेवला आणि लाल बटण दाबलं. ती कॅसेट पुढे कुठे गेली, कुणी विचारलं नाही. आई गेली त्यानंतर तिची पेटी आवरताना ती मला सापडली. तिच्या तीन बऱ्या लुगड्यांच्या मध्ये, रुमालात गुंडाळलेली. आमच्या आईला टेप लावताही येत नव्हता. मग एकोणतीस वर्षं तिने ती कशासाठी जपली, हे मला कळलेलं नाही, आणि आता सांगणारं कुणी राहिलं नाही. शेवटच्या आजारपणात मात्र ती दोन-तीनदा म्हणाली होती, 'श्रावणच्या पोरीचा गळा लई गोड होता वं.' तुझं नाव तिला आठवत नव्हतं, गळा आठवत होता.

कॅसेटवर साडेबारा मिनिटं गाणी आहेत. पोरी, तुला मी कसं सांगू. आमचा सगळ्यांचा कलकलाट टेपच्या जवळ आहे, माझा तर सर्वांत जवळ आणि सर्वांत बेसूर. तुझा आवाज लांबून येतो, दारातून, पण तो एकटाच स्वच्छ ऐकू येतो. श्वास कुठे घेतेस ते कळत नाही. शेवटच्या गाण्यात तू एक ओळ जरा वर नेऊन सोडतेस, आम्ही कुणीच तिथवर पोचत नाही, आणि मग तू हसतेस. मशीन चालवताना मी हे लावते आणि त्या ठिकाणी माझा पाय पायट्यावर थांबतो. किती गिऱ्हाइकांनी विचारलं, कोण गाते ही? मी सांगते, माझी मैत्रीण.

पण कॅसेट तिथे संपत नाही. गाण्यांनंतर खिरापत ओळखायची. डबा माझ्या हातात होता, तो मी वाजवते. बाकीच्या पोरी ओरडतात, चिवडा, मुरमुरे, पेढे. तू कान देऊन ऐकायचीस आणि बरोबर सांगायचीस. त्या दिवशीही तू सांगतेस, 'फुटाणे. आन खोबऱ्याचे तुकडे हायेत त्यात.' ओळखणारीला पहिली मूठ, हा आपला नियम. मी दाराकडे येते, पैंजण वाजतात. आणि आईचा आवाज येतो, चुलीकडून. 'तिले वरूनच टाक वं. डब्याले तिचा हात लागू देऊ नको.'

पुढचं टेपवर नाही, ते तुला आणि मला माहीत आहे. तू ओंजळ केलीस. मी वरून टाकलं. दोन-चार फुटाणे ओट्यावर घरंगळले, ते तू वाकून वेचलेस आणि सगळे फ्रॉकच्या खिशात घातलेस. एकही खाल्ला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस, आणि आमची भुलाबाई तुझ्याविना कोजागिरीपर्यंत कशीबशी रेटली. शाळेत मी विचारलं, काऊन आली नाई? तू म्हणालीस, 'घसा बसला.' मला ते सोयीचं होतं, मी मानून टाकलं. त्यानंतर गॅदरिंगलाही तू कधी गायली नाहीस, तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

तुझा मेसेज वाचल्यावर मी लगेच कॅसेट घेऊन निघाले असते तर आज एवढं लिहावं लागलं नसतं. मी आठ दिवस गेलेच नाही. मग इथे बाजारात लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे गेले. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, 'ताई, शेवटी एक बाई बोलून राह्यली, थे काढून टाकू का?' मी हो म्हटलं. आधी अख्खी, मग कापलेली, अशा दोन प्रती त्याने करून दिल्या. दादाला फोनवर सांगितलं तर तो चिडला. आईचा आवाज आपल्याकडे दुसरा कुठलाच नाही, ना फोनमध्ये, ना कुणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. 'आईचा एवढाच आवाज उरला, आन तोच तू तिले आयकवतं?' असं म्हणाला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्या आईने मला तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं आहे, आणि तिचा आवाज ऐकावासा वाटला की मलाही ते एकच वाक्य लावावं लागतं. तेवढ्यासाठीही मी ते लावलं आहे, पौर्णिमा. तुला राग येईल, पण लावलं आहे.

कापलेली प्रत मी घरी येऊन ऐकली. गाणी संपतात, डबा वाजतो, तू फुटाणे ओळखतेस आणि बंद. जणू तुला तुझी मूठ मिळाली. इतकं गोड होतं की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. पाकिटावर तुझा नागपूरचा पत्ता लिहून झाला होता, तिकिटं लावायची बाकी होती. मी ते पाकीट फाडलं आणि हे पत्र लिहायला बसले.

पुडक्यात मूळ कॅसेट आहे आणि अख्ख्या प्रतीचा पेनड्राइव्ह. काहीही कापलेलं नाही. तुला कापायचं असेल तर तो अधिकार तुझा, मला विचारूही नकोस. तुझा आवाज तुझ्याकडे असावा म्हणून हे पाठवते आहे, आणि आदेशला जे खरं उत्तर देता आलं नाही ते तुला देते आहे. आईच्या वाक्यानंतर टेपवर अकरा सेकंद कुणीच बोलत नाही. नुसती खरखर, मग दादाने बटण दाबल्याचा खटका. मी घड्याळ लावून मोजलं आहे. सध्या मी तेच ऐकते, ते अकरा सेकंद. 'आत ये' म्हणायला त्यातला एक पुरला असता. डबा हातात घेऊन दारात उभी असलेली ती पोरगी या वेळी तरी बोलेल, असं मला दर खेपेला वाटतं. ती बोलत नाही.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
छाया