ओहायोची शिकवणी

४ ऑगस्ट, सोमवार
अमेरिकेला शिकवायला माणूस हवाय! साहेबांनी हे सांगितलं आणि शिक्रापूरच्या आमच्या शेडमध्ये गोकुळ मोठ्यांदा हसला. "चांगलंय की! दाखला आनला का म्हनावं शाळा सोडल्याचा?"

मग कळलं. इकडचा माल तिकडं महाग पडायला लागलाय, म्हणून पंपाच्या शाफ्ट पुन्हा तिथंच घासायच्या. २००३ साली ओहायोतला कंपनीचा कारखाना बंद झाला, तेव्हा दोन ग्राइंडिंग मशीन होती. एक आमच्याकडे आलं, दुसरं तिथंच धूळ खात पडलं. आता पुसून उभं केलंय. चालवता मात्र कुणालाच येत नाही! इथलं मशीन चालवणाऱ्या इसहाक मामांनी व्हिडिओवर शिकवायचं, मी इंग्रजी करायचं. ओळीनं चाळीस शाफ्ट पास झाल्या की काम तिकडं जाणार आणि आमची अकरा जणांची लाईन बंद. त्यात मामा आले, गोकुळ आला, मी आले.

थोडक्यात, स्वतःच्या निरोपसमारंभाचं सूत्रसंचालन.

६ ऑगस्ट
वाचत बसले. १९७९ साली अख्ख्या अमेरिकेत कारखान्यांत दोन कोटींच्या आसपास माणसं होती. आज सव्वा कोटीच्या जवळपास. माल मात्र तेव्हापेक्षा जास्त निघतो! गंमत म्हणजे एकसारखे सुटे भाग बनवायची पद्धत त्यांनीच नावारूपाला आणली – कारागिरावाचून अडायला नको म्हणून. आता तोच एक कारागीर शिक्रापुरात शोधतायत.

८ ऑगस्ट
शिकणारी बाई डेनिस. पन्नाशीची, माझ्यासारखीच चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारी. आधी गोदामात खोकी चिकटवायची.

मामा मूळचे शिरूरच्या मिशन कंपाउंडातले. २००३ ला चाळीस दिवस ओहायोला राहून वॉल्टर नावाच्या माणसाकडून हे मशीन शिकून आले. "घरी जेवायला न्यायचा मला. मी त्याचं काम न्यायला गेल्तो, आन् त्यो मलाच बटाटे वाढायचा!"

१३ ऑगस्ट
आज एक गोष्ट गाळली. मुद्दाम.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थंडावतं. नंतरच्या पहिल्या दोन शाफ्ट हमखास काही मायक्रॉन चुकतात. म्हणून आधी भंगारातल्या दोन घासायच्या. आम्ही याला मशीनचा नाश्ता म्हणतो. कुठल्याच पुस्तकात नाही. मामांनी नीट समजावून सांगितलं. मी इंग्रजीत म्हणाले, "जेवणानंतर मशीन स्वच्छ पुसून घ्या."

डेनिसनं ते लिहून घेतलं. अधोरेखितसुद्धा केलं!

मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी कितपत समजतं, विचारायचं धाडस झालं नाही.

१८ ऑगस्ट
चाचणी नापास. जेवणानंतरच्या दोन शाफ्ट गेल्या. गोकुळ पेढे आणायला निघाला होता, मीच दटावलं. डेनिस म्हणत होती, "मशीन तर आरशासारखं पुसलं होतं." शुक्रवारी शेवटची संधी. नाही जमलं तर तिची रवानगी परत खोक्यांत.

अकरा जणांची चूल पेटती ठेवतेय मी. असं तीनदा स्वतःला सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज जरा बारीक निघाला.

२१ ऑगस्ट
दौंड. मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा. आजचा कॉल माझ्याविना. मामा करतील हातवारे!

२३ ऑगस्ट, शनिवार
चाळीसपैकी चाळीस पास. डेनिसचा निरोप आलाय – इसहाकना सांगा, नाश्ता लागू पडला.

मामांना गाठलं. परवाच्या कॉलवर काय केलं, ते दोन बाद शाफ्ट हातात घेऊन त्यांनी मला करून दाखवलं – मशीनकडे बोट, मग घास घेतल्यासारखा हात तोंडाशी. एवढंच.

"मामा, काम गेलं आपलं!"

"गेलं. पर वॉल्टरनं मला नाश्ता सांगितला न्हवता, ताई. तीन वर्सं माल परत येत व्हता, तवा कुठं उमगलं. त्या बाईची तीन वर्सं कशापायी घालवायची?"

"वॉल्टरचा राग नाही आला?"

"लई व्हता. तुमी त्या दिशी मशीन पुसाया सांगितलं ना, तवा गेला."